कोंबडीखाली बदकाची अंडी

आमच्या आजीने एकदा खुडूक कोंबडीखाली बदकाची आठ अंडी सरकवली. अंडी पाहुण्यांनी आणून दिलेली, घरात बदक एकही नाही आणि कोंबडी तर चार दिवस रिकाम्या डालग्यात ठाण मांडून बसलेली. कोंबडीने काही हरकत घेतली नाही. सहा पिल्लं निघाली, पिवळीधमक आणि चपट्या चोचीची. तिने ती आपलीच म्हणून पंखाखाली घेतली. पाचव्या दिवशी परड्यात फिरताना माडाच्या बुडाशी साचलेलं पाणी दिसलं आणि सहाही पिल्लं एकामागोमाग एक पाण्यात उतरली. कोंबडी काठावर पिसं फुलवून थयथयाट करत होती. आजी तिला म्हणाली, "अगं, बुडायची नाहीत ती. त्यांची जातच पाण्याची." पण हे म्हणता म्हणताच तिने सूप आणलं, पाच मिनिटांत पिल्लं पाण्यातून उचलली आणि उन्हात ठेवली.

बुडणार नाहीत तर काढली कशाला, हा प्रश्न मला तेव्हा पडला होता. त्याचं उत्तर पुढे येईल. त्याआधीचा प्रश्न असा की कोंबडीखाली बदक निघालंच कसं?

अंड्याला आपल्यावर कोण बसलंय याचं सोयरसुतक नसतं. त्याला ऊब, ओलावा, हवा आणि हालचाल या चार गोष्टी हव्या असतात. त्या कोंबडीने दिल्या काय आणि थर्माकोलच्या पेटीतल्या बल्बने दिल्या काय, त्याला सारखंच. कवच फुटलं की मात्र हिशेब बदलतो. पिल्लाला आई लागते, आणि आई नसेल तर तिची सगळी कामं पाळणाऱ्याच्या अंगावर येतात. परसात पाच-दहा कोंबड्या-बदकं पाळणाऱ्याने ही कामं नीट समजून घेतली, तर पुष्कळ नुकसान टळतं.

झोपलेला ठिपका

दुकानातून आणलेली अंडी कितीही उबवली तरी त्यांतून सहसा पिल्लू निघत नाही, कारण अंड्यांसाठीच्या फार्मवर कोंबडा नसतो. परसात आठ-दहा कोंबड्यांमागे एक तरणा कोंबडा पुरतो. कोंबडीच्या शरीरात नराचे शुक्राणू साठवून ठेवणाऱ्या अतिशय बारीक नळ्या असतात. त्यामुळे कोंबडा विकला तरी पुढचे आठ-दहा दिवस फलित अंडी मिळत राहतात. उलट, चांगल्या जातीचा नवा कोंबडा आणला म्हणून लगेच अंडी उबवायला ठेवू नयेत, पहिले दोन आठवडे पिल्लं जुन्याचीही निघू शकतात.

अंडं बाहेर पडतं तेव्हा त्यातल्या जिवाचा एक दिवस होऊन गेलेला असतो. बलकावरच्या पांढुरक्या ठिपक्यात हजारो पेशी तयार असतात. अंडं निवलं की त्यांची वाढ थांबते. साधारण २० अंश सेल्सिअसच्या खाली हा ठिपका झोपी जातो आणि पुन्हा ऊब मिळेपर्यंत तसाच राहतो. म्हणून कोंबडी रोज किंवा दिवसाआड एक अशी दहा-बारा अंडी घालते, मग बसते, आणि पहिल्या दिवशीच्या व शेवटच्या दिवशीच्या अंड्यांतली पिल्लं जवळजवळ एकाच वेळी बाहेर येतात.

आपल्याकडची खरी अडचण मे महिन्यात होते. घरातच पारा ३२-३५ अंशांवर असतो. इतक्या उष्णतेत ठिपका धड झोपत नाही आणि धड वाढतही नाही. अर्धवट वाढून मरतो. म्हणून अंडी साठवायची तर माठाजवळ, ओल्या वाळूत रोवलेल्या मडक्यात, निमुळतं टोक खाली करून ठेवावीत. सात दिवसांहून शिळी अंडी घेऊ नयेत. अंडी फ्रीजमध्ये ठेवू नयेत, कारण तिथली थंडी गर्भाला सोसत नाही. अंडी धुऊही नयेत. कवचावर एक अदृश्य पातळ थर असतो, तो जंतूंना आत शिरू देत नाही. धुतलं की तोच निघून जातो. फार मळलेलं, तडा गेलेलं किंवा वेडंवाकडं अंडं सरळ आमलेटला द्यावं.

खुडूक होणं

कोंबडी खुडूक होते म्हणजे तिच्या रक्तात प्रोलॅक्टिन नावाचं संप्रेरक वाढतं. अंडी देणं थांबतं, स्वभाव तापट होतो, पोटाखालची पिसं झडून कातडी उघडी पडते. ही उघडी कातडी थेट अंड्याला टेकते, म्हणून ऊब वाया जात नाही. दिवसातून एकदा पंधरा-वीस मिनिटांसाठी ती उठते, चारा-पाणी घेते, एक भलीमोठी दुर्गंधी शीट टाकते, धुळीत लोळते आणि परत जागेवर येते. ती उठत नसेल तर तिला हाताने उठवावं लागतं. काही कोंबड्या निष्ठेपायी उपाशी मरायला टेकतात.

खुडूक कोंबडी अंडी देत नाही, म्हणून व्यापारी जातींमधून हा गुण पिढ्यान् पिढ्या निवड करून काढून टाकला आहे. लेगहॉर्न जवळजवळ कधीच खुडूक होत नाही. वनराज, गिरिराज यांसारख्या सुधारित जाती परसात चांगल्या वाढतात, पण त्यांच्याही अंड्यांवर बसवायला शेवटी गावठी कोंबडीच शोधावी लागते. वर्षाला जेमतेम ४०-६० अंडी देते म्हणून जिला नावं ठेवतात, तिच्याकडे ही एक विद्या शिल्लक आहे.

मध्यम अंगाच्या कोंबडीखाली तिची स्वतःची १० ते १२ अंडी मावतात. बदकाची मात्र सात-आठच. अंडी तिच्या अंगाबाहेर दिसू लागली की ती जास्त झाली असं समजावं. डालग्यात भाताचं तूस किंवा पेंढा घालून मधे खळगा करावा, तळाला चुलीची कोरडी राख पसरावी. उवांनी पोखरलेली कोंबडी अंडी टाकून उठते, आणि राखेमुळे उवा कमी राहतात. कोंबडी अंधार पडल्यावर बसवावी, म्हणजे बिचकत नाही. अनेक घरांत अंड्यांशेजारी कोळसा, लोखंडी खिळा आणि सुकी मिरची ठेवतात, ढगांच्या गडगडाटाने अंडी नासू नयेत म्हणून. ठेवायला हरकत नाही. पण अंडी नासण्याची कारणं बहुधा आभाळात नसून डालग्यातच असतात: शिळी अंडी, उवा, ओलं तूस आणि पुन्हा पुन्हा हात घालणारी मुलं.

पेटीला जमवावं लागतं ते

कोंबडी नसेल तर यंत्र. ही कल्पना फार जुनी आहे. इजिप्तमध्ये हजारो वर्षांपूर्वीपासून मातीच्या भट्ट्यांत अंडी उबवत आले आहेत. तापमापक नव्हता तेव्हा तिथले कारागीर अंडं पापणीला लावून त्याची ऊब ओळखत. आज आपल्याकडे हौशी लोक थर्माकोलची पेटी, ४० वॅटचा बल्ब, छोटा पंखा आणि तापमान नियंत्रक जोडून हेच करतात.

पंखा असलेल्या पेटीत तापमान ३७.५ अंशांवर हवं. एखादा अंश कमी झाला तर पिल्लं उशिरा आणि अशक्त निघतात; तेवढाच जास्त झाला तर मरतात. वीज तास-दोन तास गेली तर घाबरू नये, पेटीवर गोधडी टाकावी. कोंबडीसुद्धा रोज उठतेच. नियंत्रक बिघडून पेटी तापली तर मात्र तासाभरात सगळं संपतं.

दुसरं काम अंडी फिरवण्याचं. बलक हलका असल्याने वर तरंगतो. अंडं एकाच कुशीवर पडून राहिलं तर गर्भ आतल्या पापुद्र्याला चिकटतो. कोंबडी चोचीने अंडी दिवसरात्र उलटसुलट करत असते. आपण हाताने करायचं तर निदान तीन किंवा पाच वेळा करावं. आकडा विषम ठेवला की रोजच्या लांबलचक रात्री तेच ते अंग खाली येत नाही. अंड्याच्या एका बाजूला पेन्सिलीने फुली आणि दुसऱ्या बाजूला गोल काढून ठेवला की घोळ होत नाही.

तिसरं काम ओलाव्याचं, आणि बहुतेक जण इथेच चुकतात. कवचाला हजारो सूक्ष्म छिद्रं असतात. त्यांतून प्राणवायू आत येतो आणि पाण्याची वाफ बाहेर जाते. २१ दिवसांत अंड्याचं वजन १२-१३ टक्क्यांनी घटायला हवं, म्हणजे रुंद टोकाकडची हवेची पोकळी पुरेशी मोठी होते. त्यासाठी पहिले १८ दिवस सापेक्ष आर्द्रता ५० ते ५५ टक्के असावी. आता कोकणातला जुलै घ्या. बाहेर २७ अंश आणि ९० टक्के आर्द्रता. हीच हवा पेटीत शिरून ३७.५ अंशांपर्यंत तापली की तिची आर्द्रता आपोआप ५० टक्क्यांच्या आसपास येते, कारण गरम हवेची वाफ सामावण्याची ताकद वाढलेली असते. म्हणजे पावसाळ्यात पेटीत पाण्याची वाटी ठेवायची गरजच नाही. ठेवली तर अंडी पुरेशी सुकत नाहीत आणि पिल्लं ऐनवेळी आतच गुदमरतात. हिवाळ्यात देशावर २० अंश आणि ४० टक्के आर्द्रतेची हवा आत जाऊन तापली तर जेमतेम १५ टक्के उरते; तिथे एक वाटीही अपुरी पडते. कोकणातल्या मित्राची यशस्वी कृती नाशिकला का फसते, याचं उत्तर या हिशेबात आहे.

सातव्या रात्री अंधारात अंड्यामागे मोबाइलची बॅटरी धरावी. कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा दिसल्या तर जीव वाढतोय. स्वच्छ पिवळसर प्रकाश आरपार आला तर अंडं वांझ. रक्ताचं नुसतं कडं दिसलं तर गर्भ मेलेला. वांझ आणि मेलेली अंडी काढून टाकावीत; सडून फुटलं तर एकच अंडं सगळ्यांना जंतू लावतं.

शेवटचे तीन दिवस

अठराव्या दिवशी अंडी फिरवणं बंद करावं आणि आर्द्रता ६५-७० टक्क्यांवर न्यावी. आतलं पिल्लू आता डोकं उजव्या पंखाखाली घालून, चोच रुंद टोकाकडे करून तयार असतं. ते आधी हवेच्या पोकळीचा पडदा फोडतं आणि आयुष्यातला पहिला श्वास घेतं. याच वेळी अंड्यातून चिवचिव ऐकू येते आणि कोंबडी घशातल्या घशात त्याला उत्तर देते. मग चोचीच्या टोकावरच्या कठीण टोकराने पिल्लू कवचाला भोक पाडतं. हा टोकर पिल्लू निघाल्यावर काही दिवसांत गळून पडतो.

भोक पडल्यापासून पिल्लू बाहेर यायला बारा ते चोवीस तास लागतात. बदकाला दोन दिवसही लागू शकतात. बघणाऱ्याला वाटतं, ते अडकलंय. हात शिवशिवतात. पण या वेळात आत दोन महत्त्वाची कामं चालू असतात. कवचालगतच्या शिरांतलं रक्त पिल्लाच्या अंगात परत ओढलं जातं आणि उरलेला बलक पोटात घेतला जातो. आपण दया दाखवून कवच सोललं तर शिरा फाटतात आणि पिल्लू रक्त जाऊन मरतं. इथे हात बांधून बसणं हेच काम.

पोटात घेतलेला तो बलक म्हणजे पिल्लाची शिदोरी. ती दोन-तीन दिवस पुरते. त्यामुळेच कोंबडी पहिली पिल्लं निघाल्यावर चाऱ्यासाठी घाई न करता मागे राहिलेल्यांची वाट बघत बसू शकते. एक दिवसाची पिल्लं खोक्यात भरून दूरच्या गावाला पाठवण्याचा सगळा धंदाही याच शिदोरीवर उभा आहे.

आईची कामं

निघालेलं पिल्लू पहिल्या दिवशी जे हलताना आणि आवाज करताना दिसेल त्याला आई मानतं. कॉनराड लोरेन्झ या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने हंसांच्या पिल्लांवर हे दाखवून दिलं. ती पिल्लं त्याच्याच मागे रांग लावून चालत. त्याला १९७३चं नोबेल पारितोषिक विभागून मिळालं. आजीच्या कोंबडीला सहा बदकं चिकटली ती याच नियमाने.

आई पहिलं काम करते ते ऊब देण्याचं. पिल्लाच्या अंगावर पिसं नसून लव असते, त्याला स्वतःचं तापमान राखता येत नाही. आई नसेल तर पहिल्या आठवड्यात बल्बखाली ३५ अंश ठेवून दर आठवड्याला दोन-तीन अंश उतरवत न्यावेत. तापमापकापेक्षा पिल्लांकडे बघावं. बल्बखाली गोळा होऊन केकाटत असतील तर थंडी वाजतेय, भिंतीला चिकटून चोच उघडी ठेवून धापत असतील तर उकडतंय, सगळीकडे पांगून शांतपणे टिपत असतील तर ठीक चाललंय. खोक्याचे कोपरे पुठ्ठ्याने गोल करून घ्यावेत. कोपरा मिळाला की पिल्लं रात्री एकमेकांवर चढतात आणि खालची चिरडतात. खाली तूस पसरावं. गुळगुळीत वर्तमानपत्रावर पाय घसरून फाकतात आणि कायमचे अधू होतात.

दुसरं काम खायला शिकवण्याचं. कोंबडी दाणा चोचीत धरते, टाकते, कुक-कुक करून बोलावते. आपण बोटाने ताटलीवर टकटक केलं तरी पिल्लं धावतात. आधी पाणी पाजावं, चिमूटभर गूळ घालून. मग बारीक कणी आणि मक्याचा भरडा. पण नुसत्या कणीवर पिल्लं वाढत नाहीत. त्यांना प्रथिनं लागतात. पिल्लांचं तयार खाद्य परवडत नसेल तर वाळवी, सुकट, पेंड यांची जोड द्यावी. पाण्याच्या थाळीत खडे टाकावेत, नाहीतर पिल्लं त्यातच बुडतात.

तिसरं काम राखणीचं. घार, कावळा, मुंगूस, साप आणि रात्री घूस. मोकळ्या सोडलेल्या पिल्लांपैकी बरीचशी पहिल्या महिन्यातच जातात. पहिले चार आठवडे आईसकट डालग्याखाली किंवा जाळीच्या खुराड्यात ठेवली तर संख्या टिकते. आठवा-दहावा आठवडा आला की कोंबडी स्वतःच पिल्लांना टोचून हाकलते आणि पुन्हा अंड्याला येते.

बदकाचं वेगळं

केरळच्या कुट्टनाड भागात बदकांचे मोठमोठे कळप पाळतात आणि तिथेही खुडूक कोंबड्यांखाली बदकाची अंडी उबवण्याची जुनी रीत आहे. कारण तेच: भरपूर अंडी देणाऱ्या बदकांमध्ये बसण्याची वृत्ती उरलेली नाही. बदकाच्या अंड्याला २८ दिवस लागतात, मस्कोव्ही जातीच्या बदकाला ३५. कोंबडी ठरलेल्या मुदतीपेक्षा आठवडाभर जास्त बसते खरी, पण त्यासाठी ताजी खुडूक झालेलीच निवडावी. मादी बदक पाण्यातून ओल्या अंगाने परत येऊन बसते. कोंबडी तसं करत नाही. म्हणून दुसऱ्या आठवड्यानंतर रोज अंड्यांवर कोमट पाणी शिंपडतात.

आता आजीच्या सुपाकडे येऊ. बदकाच्या शेपटीच्या मुळाशी तेलाची ग्रंथी असते. ते तेल चोचीने पिसांना चोपडलं की पाणी अंगाला लागत नाही. पिल्लाची ग्रंथी सुरुवातीला पुरेशी काम करत नाही. आईखाली राहिल्याने तिच्या पिसांचं तेल पिल्लाच्या लवेला लागतं. कोंबडीखाली किंवा बल्बखाली वाढलेल्या पिल्लाला हे मिळत नाही. ते पोहतं उत्तम, पण भिजतं आणि गारठून मरतं. आजीला ग्रंथीबिंथी ठाऊक नव्हती. तिला एवढं ठाऊक होतं की कोंबडीच्या बदकांना महिनाभर पाण्यात राहू देऊ नये.

पिण्याचं पाणी मात्र नाकपुड्या बुडतील इतकं खोल हवं, कारण बदक पाण्यात फुरफुरून नाक साफ करतं. खाण्यातही फरक आहे. बदकाच्या पिल्लाला नायसिन हे जीवनसत्त्व कोंबडीच्या पिल्लापेक्षा बरंच जास्त लागतं. कमी पडलं तर पाय वाकडे होतात. पॉलिश तांदळाच्या कणीत ते फारसं नसतं. भाताचा कोंडा, यीस्ट, धुऊन मीठ काढलेली सुकट यांनी भर पडते. आणि बुरशी लागलेला मका किंवा शेंगदाण्याची पेंड बदकाला कधीही घालू नये. १९६० साली इंग्लंडमध्ये टर्कीची लाखभर पिल्लं अचानक मेली. शोध घेता ब्राझीलहून आलेल्या शेंगदाणा पेंडीवरच्या बुरशीचं विष सापडलं, तेच अफ्लाटॉक्सिन. या विषाला बदकाची पिल्लं इतकी नाजूक असतात की सुरुवातीला विष ओळखायला प्रयोगशाळेत तीच वापरली गेली.

बदकं आणि कोंबडीची पिल्लं एका खुराड्यात ठेवू नयेत. बदकं सगळं ओलं करतात आणि ओल्या तुसात रक्ती हगवण फोफावते. शिवाय बर्ड फ्लूचे विषाणू बदकं स्वतः आजारी न दिसता वागवू शकतात. २००६ मध्ये भारतातली पहिली साथ नंदुरबारच्या नवापुरातच आली होती, हे आपण विसरू नये.

आईला न जमणारं एक काम

ऊब, चारा, राखण, शिकवण हे सगळं गावठी कोंबडी आपल्यापेक्षा सरस करते. पण मानमोडीपुढे तिचं काही चालत नाही. हिरवट हगवण, धाप, मान पिरगळणं, आणि आठवड्यात अख्खं खुराडं रिकामं. उत्तराखंडातल्या राणीखेतवरून आपल्याकडे या रोगाचं दुसरं नाव पडलं. जग त्याला न्यूकॅसल म्हणतं. त्यावर औषध नाही, लस आहे. लासोटा लसीचा एक थेंब पाचव्या ते सातव्या दिवशी डोळ्यात किंवा नाकात, चौथ्या आठवड्यात पुन्हा, आणि आठ आठवड्यांनंतर आर-टू-बी लसीचं इंजेक्शन.

अडचण अशी की लसीची कुपी शंभर किंवा त्याहून जास्त मात्रांची येते, ती बर्फात आणावी लागते आणि एकदा कालवली की दोन तासांत संपवावी लागते. बारा पिल्लांसाठी एवढा खटाटोप कोण करणार? म्हणून कोणीच करत नाही. यावर तोड वाडीनेच काढायची आहे. पाच-सात घरांनी आपापल्या खुडूक कोंबड्या एकाच आठवड्यात अंड्यांवर बसवाव्यात. ज्यांची आधीच खुडूक झाली असेल त्यांनी अंडी साठवून तिला दोन-चार दिवस मातीच्या नकली अंड्यावर थोपवून धरावं. मग सगळ्यांची पिल्लं एकाच सुमारास निघतील, एक कुपी सगळ्यांना पुरेल आणि पशुवैद्यकीय दवाखान्यात एकाच माणसाने फेरी मारली तरी भागेल. अंडी डालग्यात ठेवाल त्याच रात्री कालनिर्णयवर दोन तारखांना खूण करा, एक एकविसाव्या दिवसाची आणि दुसरी सव्विसाव्या दिवसाची. पहिलीची काळजी कोंबडी घेईल; दुसरी तुम्ही चुकवू नका.